अस्तराची जाडी ठीक, तरी भ्रूण रुजेना

भ्रूण उत्तम, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पुरेशी, हार्मोन्स ठीक. आयव्हीएफच्या प्रत्येक ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, आधी हेच ऐकायचं आणि नंतर बीटा-एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्तचाचणी, निगेटिव्ह! ‘कधीकधी होतं असं’ या वाक्याने मी पार खचून जायचे.

नव्या डॉक्टरांनी फाइल चाळून विचारलं, “पाळीच्या आधी डाग पडतात का?” पडायचे, अगदी थोडे. मग त्यांनी क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जुनाट सूज, समजावून सांगितली. बहुतेक जणींना काहीच त्रास जाणवत नाही. सोनोग्राफीत जाडी मोजता येते, पण ही सूज सहसा कळत नाही. सुजलेल्या अस्तरात चांगलं भ्रूणही रुजायला अडचण येऊ शकते.

पाळी संपल्यावर हिस्टेरोस्कोपी, म्हणजे बारीक दुर्बिणीने गर्भाशयाची आतून तपासणी, झाली. मी जागी होते, पडदा समोरच होता. लालबुंद अस्तरावर पांढुरके ठिपके आणि एका कडेला पाण्यात हलणारे इवलेसे कोंब. “हे मायक्रोपॉलिप्स, पण नुसतं बघून निदान करायचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. बायोप्सीचा तुकडा घेताना जोराची कळ आली आणि ओसरली. तुकड्याचा काही भाग गर्भाशयाच्या क्षयरोगाच्या तपासणीलाही गेला, कारण त्याचे उपचार पूर्ण वेगळे.

या सुजेची खूण म्हणजे अस्तरातल्या प्लाझ्मा पेशी, रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार. नेहमीच्या तपासणीत त्या निसटू शकतात, म्हणून सीडी-१३८ नावाची खास चाचणी करतात. अशा किती पेशी दिसल्या की आजार म्हणायचा, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये मात्र त्या भरपूर होत्या. तो वाचून मला चक्क हायसं वाटलं.

उपचार म्हणून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळ होते. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी. या काळात गर्भ राहू द्यायचा नाही.

पुन्हा बायोप्सी केली तर थोडी सूज शिल्लकच! मग दुसरी अँटिबायोटिक्स, परत तपासणी आणि अखेर स्वच्छ रिपोर्ट. त्यानंतरचं भ्रूण रुजलं. ते केवळ औषधामुळेच, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

चांगली भ्रूणं वारंवार रुजत नसतील किंवा गर्भपात होत राहत असतील, तर पुढच्या ट्रान्सफरआधी डॉक्टरांना या बायोप्सीबद्दल नक्की विचारा. आणि औषधांचा कोर्स झाल्यावर पुन्हा तपासणार का, हेही.