पाखरं तुमच्या दाण्यांवर जगतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, जगत नाहीत. निदान बहुतेक तरी नाहीत.

हा प्रश्न मला दर वर्षी दिवाळी उलटली की येतो. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे खिडकी दिसते, खिडकीबाहेर पाखरांसाठी दाणे भरून टांगलेल्या जाळीच्या नळ्या दिसतात, त्यांवर काहीतरी फडफडत असतं, आणि पुण्याहून मावशी, आत्या, आईच्या भिशीतल्या मैत्रिणी असं कुणी ना कुणी विचारतंच: थंडीत ती पाखरं तुझ्याच जिवावर असतात का गं? तू इकडे आलीस की त्यांचं काय? काहीजणी थेट विचारतात, एवढे पैसे घालून पुण्य तरी लागतं का?

आम्ही राहतो ते रेडिंग, लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठी. इथे डिसेंबरात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्हणजे सोळा तासांची रात्र. ब्लू टिट नावाचा निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा इथला पक्षी वजनाला जेमतेम अकरा ग्रॅम असतो. शिगोशीग दोन चमचे साखर घ्या, झालं तेवढं. एवढ्याशा शरीराला सोळा तास ऊब धरून ठेवायची, तर दिवसभरात साठवलेली चरबी रातोरात जाळावी लागते. उजाडल्यावर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे थंडीतला त्याचा दिवस म्हणजे उजेड आहे तोवर फक्त खाणं. दाणे घालण्यामागचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे, आणि म्हणूनच इथे पाव-पोळीचे तुकडे न घालता चरबीचे गोळे, शेंगदाणे, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया असं तेलकट घालतात.

तरीही ती माझ्यावर अवलंबून नसतात. याचा नीट अभ्यास झालाय. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी चिकडी या पक्ष्यावर काम केलं. चिकडी म्हणजे आमच्या ब्लू टिटचा चुलतभाऊच म्हणा. जवळ दाणे टांगलेले असूनही हे पक्षी साधारण पाचवा हिस्साच तिथून घेत होते, बाकीचं रानात शोधून. वर्षानुवर्षं दाणे मिळत असलेल्या जागी ते अचानक बंद केले, तेव्हाही त्या पक्ष्यांची जगण्याची टक्केवारी दाणे कधीच न मिळालेल्या पक्ष्यांएवढीच राहिली. दाण्यांनी ते आळशी झाले नव्हते. पण याच दोघांच्या दुसऱ्या अभ्यासात निघालं, की कडाक्याच्या हिवाळ्यात दाणे मिळणाऱ्यांपैकी ६९ टक्के तगले आणि न मिळणाऱ्यांपैकी फक्त ३७. तेव्हा खरं उत्तर असं: एरवी माझे दाणे त्यांना वरकड आहेत, पण बर्फ साचून जमीन दगड झाली की त्या आठवड्यात त्यांना फार किंमत आहे. मी महिनाभर पुण्याला आले तर कुणी उपाशी मरत नाही. मात्र निघण्याआधी नळ्या रिकाम्या करून धुऊन ठेवते. अर्धवट भरलेलं ओलं धान्य मागे ठेवणं हे काहीच न ठेवण्यापेक्षा वाईट.

इथल्या लोकांना हे वेड जुनं आहे. १८९०-९१चा हिवाळा फार कडक गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनीच लोकांना पक्ष्यांसाठी उरलंसुरलं बाहेर टाकायचं आवाहन केलं होतं. १९६२-६३च्या थंडीची आठवण तर अजून म्हातारी माणसं काढतात. त्या हिवाळ्यात रेन पक्ष्यांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास मेले असा अंदाज आहे. आता गंमत बघा, रेन हा दाण्यांकडे क्वचितच येतो. कोळी, किडे शोधत झुडपांच्या बुडाशी उंदरासारखा फिरतो. ज्याला थंडी सगळ्यात जास्त बाधते तो माझ्या पंगतीला बसतच नाही. थंडीच्या रात्री हे रेन एकमेकांना चिकटून झोपतात. नॉरफकमध्ये एकदा एकाच घरट्याच्या पेटीत ६१ मोजले गेले होते. त्यांच्यासाठी करायचं ते एवढंच, की बागेचा एक कोपरा झाडायचा नाही. पाला कुजू द्यायचा, वेल दाट राहू द्यायची. शेजाऱ्यांना तो आळशीपणा वाटतो. वाटू दे.

खायला काय घालते हेही विचारता. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, कारण त्या सगळ्यांना चालतात आणि खाली टरफलांचा कचरा होत नाही. शेंगदाणे बिनमिठाचे आणि जाळीतच, म्हणजे अख्खा दाणा उचलून नेता येत नाही, टोचून टोचून खावा लागतो. शेंगदाणे बुरशी धरलेले नकोत. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पक्ष्यांना मारतं, म्हणून दुकानात तपासलेलेच घ्यायचे. जमिनीवर एखादं नरम झालेलं सफरचंद, ते ब्लॅकबर्डसाठी. खूप गारठा पडला तर स्कँडिनेव्हियातून आलेले रेडविंगही त्यावर उतरतात. आणि कारळे. हो, आपले चटणीचे कारळेच. इथे ते बारीक भोकांच्या खास नळीत घालून गोल्डफिंचसाठी टांगतात. लाल तोंडाचा, पंखावर सोनेरी पट्टा असलेला हा पक्षी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पिंजऱ्यात पाळायला इतका पकडला जायचा, की दुर्मिळ होत चालला होता. आता तो शहरातल्या बागांमध्ये सर्रास दिसतो. आई इथे आली होती तेव्हा ती पिशवी बघून म्हणाली, एवढ्यात वर्षभराची चटणी झाली असती.

घालत नाही ते फरसाण. हे मुद्दाम लिहिते, कारण भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर फरसाण घेऊन दाराकडे निघतो. मीठ पक्ष्यांना सोसत नाही. तिखटाचं काही नाही, तिखट त्यांना लागतच नाही, पोपट मिरची खातो तो उगाच नव्हे. इथे खारींचा उपद्रव फार, मूळच्या अमेरिकेतल्या राखाडी खारी, नळ्याच्या नळ्या कुरतडतात. त्यांना दूर ठेवायला मिरची लावलेल्या बिया विकत मिळतात. खार एकदा तोंड घालते आणि पळते, पक्षी मजेत खात राहतात. पण म्हणून घरचं लाल तिखट भुरभुरू नका. वाऱ्याने ते पक्ष्यांच्या डोळ्यांत जातं, आणि तुमच्याही.

आता पुण्य. आपल्याकडे पाखरांना दाणे टाकणं हा धर्माचा भाग आहे, काकबळी आहे, चिमणीच्या घासावर आपण जेवायला शिकलो आहोत. त्यामुळे इकडे कुणी पाखरांना खायला घालतंय म्हटल्यावर हात आपोआप जोडले जातात. माझं मत वेगळं आहे. ही हौस आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ दिवसेंदिवस करड्या पत्र्यासारखं असतं, आणि भांडी घासताना खिडकीबाहेर काहीतरी जिवंत, रंगीत हालावं यासाठी मी पैसे मोजते. बदल्यात त्यांना थोडं खायला मिळतं. या व्यवहारात नफा माझा जास्त आहे.

शिवाय ही हौस निरुपद्रवी नाही. ग्रीनफिंच नावाचा हिरवट, जाड चोचीचा पक्षी इथल्या बागांमध्ये मुबलक होता. २००५ पासून त्याच्यात ट्रायकोमोनोसिसची साथ पसरली. घशाला होणारा रोग, गिळताच येत नाही. लाळेतून पसरतो, म्हणजे जिथे बरेच पक्षी एका ताटात जेवतात तिथे. २०२१ साली ग्रीनफिंच ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे सर्वांत धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत गेला. आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेने २०२५ मध्ये सपाट फळीची बर्ड टेबलं विकणं थांबवलं, ते याचमुळे. मी दर आठवड्याला सगळ्या नळ्या गरम पाण्याने घासते, टांगायची जागा बदलते, आणि एखादा पक्षी फुगून, डोळे मिटून नळीपाशी बसलेला दिसला तर दोन-तीन आठवडे सगळं बंद. साथीच्या दिवसांत दाणे चालू ठेवणं म्हणजे माया नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण कुणाला जेवायला बोलावतो त्यावर कोण वाढतं हे ठरतं. ब्लॅककॅप हा छोटा गाणारा पक्षी इथे पूर्वी फक्त उन्हाळ्यात असायचा. मध्य युरोपातले ब्लॅककॅप हिवाळ्यात स्पेनकडे, उत्तर आफ्रिकेकडे जात. १९६०च्या दशकापासून त्यांतले काही वाट वाकडी करून ब्रिटनला येऊ लागले, कारण इथल्या बागांमध्ये खायला टांगलेलं असतं आणि हिवाळेही थोडे सौम्य झालेत. जर्मनीच्या पीटर बर्थोल्ड यांनी अशा पक्ष्यांची पिल्लं वाढवली, तर ज्यांनी कधी प्रवासच केला नव्हता ती पिल्लंही पिंजऱ्यात आईबापांच्याच दिशेला तोंड करून फडफडायला लागली. दिशा रक्तात उतरली होती. ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानातल्या ग्रेट टिट या ब्लू टिटच्या थोरल्या भावावरचं काम २०१७ साली आलं: नेदरलँड्समधल्या भाईबंदांपेक्षा इंग्लंडच्या ग्रेट टिटची चोच लांब होत चालली आहे, आणि ज्यांच्यात लांब चोचीची जनुकं आहेत ते दाण्याच्या नळ्यांवर जास्त येतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे घडतंय असं म्हटलं की घरात हसतात. एकट्या माझ्या खिडकीतून नाही, पण अशा लाखो खिडक्यांतून.

आमच्या रेडिंगची तर तऱ्हाच न्यारी. इथे रेड काइट आहेत, तांबूस, दुभंगल्या शेपटीच्या मोठ्या घारी. इंग्लंडमधून त्या नाहीशा झाल्या होत्या. १९८९पासून स्पेनहून पिल्लं आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडली आणि आता त्या गावावर घिरट्या घालतात. इथल्या विद्यापीठाने पाहणी केली तेव्हा साधारण वीसातलं एक घर त्यांना मांस घालत होतं. म्हणजे लोक अंगणात कोंबडीचे तुकडे फेकतात आणि साडेपाच-सहा फूट पंखांची घार झेप टाकून उचलते. बघायला थरारक आहे, नाही म्हणत नाही. मी घालत नाही. मला माझे ब्लू टिट शांतपणे जेवायला हवेत.

पोपटांबद्दल काय सांगू! आपलाच गळ्यात कंठी घातलेला हिरवा पोपट. पिंजऱ्यांतून सुटलेले, सोडलेले, आणि १९७०च्या आसपासपासून लंडनच्या परिसरात रानात वाढलेले. जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने एक जोडी सोडली आणि तिथून सगळे झाले अशी एक दंतकथा इथे मोठ्या प्रेमाने सांगतात, पुरावा शून्य. डीएनए तपासल्यावर युरोपातल्या या पोपटांचं मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतात निघालं. पोपट नळीवर बसला की बाकीचे लहान पक्षी येईनासे होतात, हेही लंडनमध्ये तपासून झालंय. मला मात्र त्यांना हाकलायचा धीर होत नाही. जानेवारीच्या पावसात तो कर्कश आवाज ऐकला की राग येतो आणि माहेरही आठवतं, दोन्ही एकदम.

जानेवारीच्याच शेवटच्या आठवड्याअखेरीस इथे बागेतल्या पक्ष्यांची मोजणी असते, १९७९पासून. कुणीही बसावं, एक तास, आपल्या बागेत एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तेवढंच लिहायचं. एकच रॉबिन तासात दहादा आला तरी तो एकच. पहिल्या वर्षी स्टार्लिंग पहिला होता, आज त्याची संख्या ऐंशी टक्क्यांहून जास्त घटली आहे. आता बरीच वर्षं चिमणी पहिली येते, तीच आपली चिमणी. पण पहिली असूनही या मोजणीत तीसुद्धा तेव्हाच्या निम्म्याहून कमी उरली आहे.

आणि मग तुमचा शेवटचा प्रश्न: आम्हीही पुण्यात असं टांगू का? थंडीसाठी तर अजिबात नको. आपल्याकडचा हिवाळा हा पक्ष्यांच्या उपासमारीचा काळच नव्हे. शेतात ज्वारी उभी असते, भोरड्यांचे थवे मध्य आशियातून तीच खायला येतात. गॅलरीत दाणे ठेवलेत तर येणार कोण, कबुतरं. ते प्रकरण कुठवर जातं हे २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या गदारोळात सगळ्यांनी पाहिलं. ठेवायचंच असेल तर एप्रिल-मे मध्ये पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, आत एक दगड टाका म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येईल, आणि रोज बदला, नाहीतर डास व्हायचे.

खर्च किती येतो तेही विचारलं होतंत. तो मी नवऱ्यालाही नीट सांगितलेला नाही.