न्यायालय एकच, बैठका अनेक

गेल्या आठवड्यात गल्लीतील एक वयस्कर शेजारी संध्याकाळी घरी आले आणि खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारले, "सर, आमचं अपील आता इथल्या सर्किट बेंचकडं आलंय. इथं निकाल विरोधात गेला, तर पुढं मुंबईच्या हायकोर्टात जायला येतंय न्हवं?" मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे, आणि उच्च न्यायालयाचा धडा त्यात दरवर्षी असे. तरीही हा प्रश्न ऐकून मी क्षणभर थांबलो, कारण त्याचे खरे उत्तर त्या धड्यात कुठेच नव्हते.

उत्तर असे की, कोल्हापुरातले हे सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाची मुख्य ठिकाणाबाहेर भरणारी बैठक, हेच मुंबई उच्च न्यायालय आहे. ते मुंबईच्या हाताखालचे, मधल्या पायरीवरचे न्यायालय नाही. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयीन इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून जे न्यायमूर्ती बसू लागले, त्यांचा आदेश म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचाच आदेश होय. शेजाऱ्यांचे अपील हे जमिनीच्या वाटणीचे दुसरे अपील आहे, म्हणजे दिवाणी न्यायालय आणि जिल्हा न्यायालय हे दोन्ही टप्पे ओलांडून ते इथवर आले आहे. इथला निकाल मान्य नसेल, तर पुढची वाट थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जाते, आणि तिथेही आधी परवानगी मागावी लागते.

गैरसमज होण्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. "खंडपीठ" हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. दोन न्यायमूर्ती एकत्र बसून प्रकरण ऐकतात तेही खंडपीठ, आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) किंवा गोवा येथे उच्च न्यायालय कायमचे बसते तेही खंडपीठ. कोल्हापुरात अजून सर्किट बेंच आहे, पण त्यात सुरुवातीलाच दोन न्यायमूर्तींचे एक खंडपीठ आणि दोन एकलपीठे नेमली गेली. "खंडपीठ झालं" असे म्हणणारा माणूस म्हणूनच पुरता चूकही नसतो आणि पुरता बरोबरही नसतो.

हा भेद कायद्यात मात्र स्पष्ट आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ प्रमाणे कायमचे खंडपीठ स्थापण्याचा आदेश राष्ट्रपती काढतात, तर न्यायमूर्तींनी आणखी कुठे बसावे हे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने ठरवू शकतात. कोल्हापूरची अधिसूचना या दुसऱ्या मार्गाने निघाली. औरंगाबादची सुरुवातही १९८१ मध्ये अशीच झाली होती. तिला आव्हान मिळाले, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा तो अधिकार मान्य केला, आणि नंतर तिथे कायमचे खंडपीठ झाले. आम्हा कोल्हापूरकरांचा पुढचा आग्रह त्याचसाठी आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

घडणीबद्दल थोडक्यात सांगतो. १८६२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयात आज न्यायमूर्तींची ९४ पदे मंजूर आहेत, त्यांपैकी ७१ कायम आणि २३ अतिरिक्त. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि वयाच्या ६२ व्या वर्षी ते निवृत्त होतात. महाराष्ट्राबरोबर गोव्याचेही हेच उच्च न्यायालय आहे. कोणत्या न्यायमूर्तींनी कोणत्या प्रकारची प्रकरणे ऐकायची, हे ठरवणे मुख्य न्यायमूर्तींच्या हाती असते.

मला अधिक मोलाचे वाटते ते संविधानाचे अनुच्छेद २२६. सर्वोच्च न्यायालयाला अनुच्छेद ३२ खाली आदेश काढता येतात ते मूलभूत हक्कांसाठी. उच्च न्यायालयाला मात्र त्यापलीकडच्या कायदेशीर हक्कांसाठीही ते काढता येतात. नोकरीतून बेकायदा कमी केलेला शिक्षक, साखर कारखान्याच्या मतदारयादीतून नाव गळालेला सभासद, मोबदला न मिळताच जमीन गेलेला शेतकरी, या सर्वांना सरकारी यंत्रणेविरुद्ध रिट अर्ज, म्हणजे असा आदेश मागणारा अर्ज, घेऊन जाता येईल असे दार हेच. शिवाय अनुच्छेद २२७ प्रमाणे खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचे कामही त्याच्याकडे आहे, आणि सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

एवढे मोठे दार पावणेचारशे किलोमीटरवर असणे म्हणजे काय, हे मी घरातच पाहिले आहे. आमच्या आबांचा शेताच्या बांधावरचा दावा उच्च न्यायालयात गेला, तेव्हा एका प्रतिज्ञापत्रावर सही करण्यासाठीसुद्धा ते रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघत. सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला आणि जुने खरेदीखत ते मेणकापडात गुंडाळून कापडी पिशवीत घालत, आणि पिशवीचा बंद मनगटाला बांधून रात्रभर बसून राहत. एका सहीसाठी दोन रात्री आणि एक दिवस जाई. त्यांच्याच ओळखीच्या एका विधवा बाईंचा हक्क आबांच्या हक्काहून भक्कम होता, पण मुंबईला कोणासोबत जायचे हेच न सुटल्यामुळे त्यांनी अपील केलेच नाही. अशा न केलेल्या अपिलांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी चार दशके कोल्हापुरात खंडपीठाची मागणी लावून धरली. कोर्टाच्या आवारातले ठिय्ये आणि उपोषणे मी जाता-येता पाहिली आहेत. अंतराचा प्रश्न सर्वांचा एकदम सुटला असेही नाही, कारण सोलापूरच्या पक्षकाराला आजही लांबचाच प्रवास आहे. तरी सकाळी निघून रात्री घरी परतता येणे ही त्याच्यासाठी साधी गोष्ट नव्हे.

शेजाऱ्यांना मी हे सर्व सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जे काय मांडायचं ते इथंच नीट मांडायला पायजे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाटणीपत्राची मूळ प्रत घेऊन वकिलांकडे गेले; जाताना केएमटी बसच्या थांब्यावर भेटले, आणि कागद नीट आहे की नाही ते मला पुन्हा एकदा उघडून दाखवले.