रिकाम्या खोलीची राखण

गेस्ट हाउसचा केअरटेकर म्हणजे आल्या-गेल्याची सरबराई करणारा माणूस, असा सगळ्यांचा समज असतो. सरबराई त्या मानाने सोपी. पाहुण्याला काय हवं ते तो तोंडाने सांगतो, नळ गळत असेल तर पाच मिनिटांत येऊन उभा राहतो. रिकामी खोली मात्र तक्रार करत नाही. महिनाभर कुलूपबंद असलेली खोली वापरातल्या खोलीपेक्षा लवकर बिघडते, आणि या कामात वर्षं काढलेल्या माणसाचं निम्मं लक्ष त्या बंद दारांमागेच असतं.

सुरुवात वासापासून. दार उघडल्यावर पहिले दोन श्वास महत्त्वाचे. चार-पाच मिनिटांत नाक सरावतं आणि कुबटपणा जाणवेनासा होतो. म्हणून आत जाऊन पडदे सरकवण्याआधी उंबऱ्यावरच ठरवायचं, वास ओलीचा आहे की गटाराचा. ओलीचा असेल तर कपाट, गादी आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं सामान बघायचं. गटाराचा असेल तर सरळ बाथरूममध्ये जाऊन नहाणीची जाळी उचलायची.

जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या खोलगट भागात, साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साचलेलं असतं. हे पाणी म्हणजेच गटाराच्या हवेला मारलेलं बूच. खोली बंद राहिली की ते उडून जातं, उन्हाळ्यात तर दोन-तीन आठवड्यांतच, आणि मग वास येतो, पाठोपाठ झुरळं. उपाय अगदी साधा: तांब्याभर पाणी ओतायचं. खोली बराच काळ बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडायचं. त्याचा पातळ थर पाण्यावर बसतो आणि ते उडायचं थांबतं. खायचं तेल नको, ते खवट होऊन चिकटा धरतं. बेसिनखालचा ट्रॅप लोक हटकून विसरतात, त्यातही पाणी सोडायचं. पाणी भरूनही दोन दिवसांत वास परत आला तर ते उडालेलं नसतं, ओढलं गेलेलं असतं. वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर खालच्या जाळीतून ‘गुडगुड’ आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर हवेचा पाइप तुंबलेला आहे किंवा मुळात बसवलेलाच नाही. तिथे प्लंबरशिवाय गत्यंतर नाही. वासावर सुगंधी फवारा मारणारे महाभाग असतात. दुसऱ्या दिवशी खोलीला गटार आणि गुलाब असे दोन्ही वास येतात.

आता साचलेलं पाणी. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनाला आलेल्या लोकांमध्ये न्यूमोनियाची साथ पसरली. पुढच्या वर्षी जंतू सापडला आणि त्या संघटनेवरून त्याला लीजनेला हे नाव पडलं. हा जंतू २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो. बंद खोलीतला शॉवर त्याला अगदी सोयीचा. म्हणून रिकाम्या खोलीतला प्रत्येक नळ आठवड्यातून एकदा तीन-चार मिनिटं सोडायचा, गरम आणि गार दोन्ही. शॉवर सोडताना त्याचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे तुषार उडत नाहीत. गिझरचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर असावा. मात्र ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, तेव्हा गरम-गार पाणी एकत्र करणारा नळाचा मिक्सर नीट चालतो ना हेही बघायचं. लहान मुलं येणार असतील तर आवर्जून.

गिझरची एक चूक फार महागात पडते. टाकी धुण्यासाठी पाणी तोडलेलं असतं, गिझर रिकामा झालेला असतो, आणि पाहुणे येणार म्हणून घाईत कोणीतरी बटण दाबतं. पाणी तापवणारं आतलं एलिमेंट कोरडं असलं की थोड्याच वेळात जळतं. आधी गरम पाण्याचा नळ उघडायचा, हवा फुसफुसून बाहेर पडून अखंड धार लागेपर्यंत थांबायचं, मगच बटण. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण २१ मिनिटं घेतो, २५ लिटरचा ३५ मिनिटं. तेवढा वेळ हाताशी ठेवून चालू केला की पुरतं, रात्रभर ठेवायची गरज नाही. चालू असताना आतून चुरचुर, कडकड आवाज येऊ लागला तर एलिमेंटवर क्षारांचे खवले बसलेत असं समजावं. क्षाराखाली एलिमेंट तापत राहतं आणि एक दिवस फुटतं. वर्षातून एकदा खोलून क्षार काढताना आतली मॅग्नेशियमची कांडीही तपासायची. ती झिजावी म्हणूनच बसवलेली असते, ती संपली की टाकी गंजायला लागते.

फ्लशच्या टाकीची गळती आवाज करत नाही. टाकीत निळ्या शाईचे आठ-दहा थेंब टाकायचे आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर तळाचा रबरी वॉशर बदलायचा. आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, तरी घाईत घडते: संडास साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ एक ओतलं जातं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्हींच्या बाटल्या एका कपाटात ठेवूच नयेत.

ढेकूण हा वेगळा विषय, आणि इथे ‘खोली महिनाभर बंद ठेवा, मरतील’ हा सल्ला साफ चुकीचा. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्त न पिता काही महिने तग धरतो. तपासायला टॉर्च आणि एक जुनं प्लास्टिक कार्ड पुरतं. गादीच्या कडेला जी दोरीसारखी शिवण असते, तिच्या खाचेतून कार्ड सरकवत न्यायचं, चारही कोपऱ्यांवर जास्त वेळ. मग पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू आणि स्क्रूची भोकं. जवसाच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस किडा दिसला तर प्रश्नच मिटला. बहुतेक वेळा तो दिसत नाही, पेनाच्या टोकाने दिल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ओला कापूस ठिपक्यावर फिरवा. तपकिरी डाग पसरला तर ती त्यांची विष्ठा. चादरी खोलीतच पिशवीत घालून तोंड बांधायचं, उघड्या चादरी हातावर टाकून व्हरांड्यातून न्यायच्या नाहीत. ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या किंवा ड्रायरमध्ये कडक तापमानावर अर्धा तास फिरवायच्या, म्हणजे अंडीही मरतात. दुकानातला फवारा मात्र टाळावा. अनेक ठिकाणचे ढेकूण नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, उलट पांगून शेजारच्या खोलीत जातात. म्हणून एका खोलीत सापडले की दोन्ही बाजूच्या, वरच्या आणि खालच्या खोल्याही त्याच दिवशी तपासायच्या.

खोली बंद करतानाची बाकीची कामं किरकोळ आहेत. फ्रिज बंद केला की दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर आत बुरशी येते. एसी बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंख्यावर चालवायचा, म्हणजे आतली कॉइल सुकते. रिमोटमधले सेल काढायचे. कपाटाची दारं किलकिली ठेवायची आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे. कुलपात तेल घालू नये, त्यावर धूळ बसून चावी अडकते. ग्रॅफाइटची पूड चांगली.

चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. कपाटातला सारखा तळाशी राहू नये म्हणून धुऊन आलेला जोड खाली आणि वापरायचा वरून. रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्याने तो कायमचा धरतो.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी खोली उघडायची, दोन तास आधी नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची, गादी उभी करायची, नळ सोडायचे. मग स्वतः पलंगावर आडवं व्हायचं. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: छताच्या कोपऱ्यातलं जळमट, पडद्याच्या दांडीवरची धूळ, आणि दिव्याचं बटण झोपल्या हाताला पोचत नाही हेही. तिथूनच पंख्याच्या पात्यांवर नजर जाते. महिनाभराची धूळ घट्ट बसलेली असते आणि पंखा पूर्ण वेगात फिरला की पहिल्या अर्ध्या मिनिटात ती पलंगावर येते. तेव्हा जुन्या उशीच्या अभ्र्यात एकेक पातं घालून पुसून घ्यायचं, पाच मिनिटं पंखा जोरात चालवायचा, आणि नवी चादर त्यानंतरच घालायची.