मावशींच्या साडीत हरवलेले पाय

बुधवार

प्रदर्शनातल्या आमच्या कामासाठी जुन्या बाजारात अखेर किनेक्ट मिळालं, एक्सबॉक्स गेमसोबत येणारा, समोरच्या माणसाची हालचाल टिपणारा कॅमेरा. बाराशे रुपये. एका बाजूला गंजलेले पाने, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घरातली पितळी समई, आणि मधे हा काळा चकचकीत पट्टा. विकणारे काका म्हणाले, "घे ताई, नाही चाललं तर पुढच्या बुधवारी आणून दे." पुढच्या बुधवारी काका तिथे असतील का, देव जाणे. आधी उलटं करून स्टिकरवरचा मॉडेल नंबर वाचला. १४१४. जीव भांड्यात पडला. नंतर आलेलं १४७३ असतं तर आमच्या कोडवाल्याने तिथेच हात जोडले असते, फुकटच्या ड्रायव्हरशी, म्हणजे यंत्र लॅपटॉपला जोडून देणाऱ्या प्रोग्रामशी, त्या मॉडेलचं नीट जमत नाही.

अडॅप्टर मात्र नव्हता. याचं टोक साध्या यूएसबीत बसत नाही आणि १२ व्होल्टचा पुरवठा वेगळा लागतो. तो पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ मिळाला, साडेचारशेला. म्हणजे बजेटचे सोळाशे पन्नास गेले आणि अजून पडद्याचं कापडसुद्धा घेतलेलं नाही.

गुरुवार

सरांना कल्पना सांगितली. पडद्यावर रांगोळीचे कण मोकळे पसरलेले. समोर माणूस आला की ते हळूहळू त्याच्या आकारात गोळा होतात, तो हलला की विस्कटतात. स्वतःला पूर्ण बघायचं तर दहा-बारा सेकंद गप्प उभं राहायचं. लोकांनी दिवाणखान्यात उड्या माराव्यात म्हणून २०१० साली निघालेलं यंत्र, आणि त्याच्यासमोर माणसाला स्तब्ध उभं करायचं. मला यातच गंमत वाटत होती.

सर पूर्ण ऐकून घेतात आणि मग एक शब्द न बोलता लॅपटॉप उघडतात, ही त्यांची जुनी खोड. उघडून दाखवलं 'टेक्स्ट रेन'. कामिल अटरबॅक आणि रोमी अकिटूव्ह, १९९९. वरून अक्षरं पावसासारखी पडतात आणि बघणाऱ्याच्या खांद्यावर, पसरलेल्या हातावर येऊन थांबतात. त्यानंतर मायरन क्रूगरचं 'व्हिडिओप्लेस', त्याची सुरुवात तर १९७० च्या दशकातली. माणसाची सावली पडद्यावर आणि तिच्याशी खेळणारी चित्रं. "तुझ्या आईच्या शाळेच्या दिवसांतलं आहे हे," सर म्हणाले.

मी चहाला निघून गेले. फणफणत. दुसऱ्या कटिंगला डोकं ताळ्यावर आलं. त्या कामांना माणूस वेगळा उठून दिसायला मागची भिंत उजळ, मोकळी लागायची. किनेक्टला मागे काय आहे याच्याशी फारसं घेणंदेणं नाही, ते माणूस रंगावरून नाही, अंतरावरून वेगळा काढतं. म्हणजे आपल्या पोपडे उडालेल्या, मागच्या बॅचने रंगवून ठेवलेल्या पॅसेजमध्येसुद्धा चालेल. हे सांगायला धावत वर गेले तर सर जेवायला गेलेले.

रात्री कोडवाल्याच्या खोलीवर दिवे घालवून त्याच्या जुन्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून किनेक्टकडे पाहिलं. नुसत्या डोळ्याला फक्त एक मिणमिणता लाल ठिपका. फोनच्या पडद्यावर मात्र भिंतीवर, कपाटावर, खुर्चीवरच्या टॉवेलवर, माझ्या कुर्त्यावर ठिपकेच ठिपके. हजारो. इन्फ्रारेड ठिपक्यांचं हे जाळं समोर फेकायचं, कुठला ठिपका जागेवरून किती सरकला ते बघायचं आणि त्यावरून अंतर काढायचं, सेकंदाला तीस वेळा. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अरे, ही तर ठिपक्यांची रांगोळी." तो म्हणाला, "सरांना हे आधी सांगायचं होतंस."

शुक्रवार

दिवसभर खडू घेऊन फरशीवर. किनेक्टची नजर आडवी ५७ अंश, म्हणजे तीन मीटरवर सव्वातीन मीटर रुंदी. आमचा पॅसेज आठ फुटांचा, त्यामुळे लांबच्या टोकाला कडेने निसटायला जागाच नाही. हे बरं झालं. जवळची हद्द सव्वा मीटर, लांबची साडेतीन. पांढऱ्या रेषा मारल्या आणि तासाभरात शिल्प विभागाच्या पोरांनी त्यावरून मातीची घमेली ओढून नेली.

दुपारी दोनला छताच्या काचेतून ऊन उतरलं आणि पडद्यावरचं चित्र भोकाभोकांचं झालं. उन्हात इन्फ्रारेड एवढं असतं की आमचे बिचारे ठिपके त्यात बुडून जातात. जिथे ठिपके वाचता येत नाहीत तिथे अंतरच मिळत नाही. दोन ते चार पॅसेजभर नुसती भोकं. मांडववाल्याकडून काळं कापड आणावं लागणार.

केसांचाही घोळ आहे. दाट काळे केस प्रकाश गिळतात, त्यामुळे माझ्या डोक्याचा वरचा भाग सारखा गायब. सर येऊन उभे राहिले तर त्यांचं डोकं अगदी गोल, गुळगुळीत, बिनचूक. कुणी काही बोललं नाही.

शनिवार

आज खरी परीक्षा झाली आणि आम्ही सपशेल आपटलो.

आतापर्यंतचा सगळा बेत सांगाड्यावर उभा होता. किनेक्टसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या जुन्या एसडीकेमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या तयार संचात, ती सोय आहे: माणूस दिसला की त्याचे वीस सांधे आयते मिळतात. गेले दोन दिवस आम्ही चौघेच समोर नाचत होतो, जीन्समध्ये. झकास चाललेलं. आज मावशी झाडत झाडत आल्या. म्हटलं, "मावशी, जरा इथे रेषेच्या आत उभ्या राहता का?"

"कशाला गं? फोटो हाय का?"

उभ्या राहिल्या. उजव्या हातात खराटा, डावा हात कमरेवर. पडद्यावर सांगाडा आला आणि कमरेखाली बिथरला. एक गुडघा उजवीकडे, एक पाऊल छातीपाशी, मग दोन्ही पाय एकाच रेषेत. साडीच्या घोळात यंत्राला पाय सापडेचनात. खराट्याला ते मधेच हात समजायचं. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या, "माझे पाय कुटं नेले गं?"

आम्हाला हसू येईना. प्रदर्शनाला कोण येणार आहे? आमच्या आया, आज्या, शेजारच्या गल्लीतल्या बायका, कडेवर पोर घेतलेल्या, हातात पिशव्या असलेल्या. नीट सुटं उभं राहणारं माणूस विरळाच. शिवाय हे यंत्र एका वेळी दोघांचेच सांधे देतं, आणि आमच्याकडे कुठेही दोघंच कधी येतात?

कोडवाला तासभर सेटिंग्जशी झटापट करत बसला. मी पायरीवर. चिडचिड साडीवर नव्हती, यंत्रावरही नव्हती. बेत आखताना आम्ही कागदावर माणूस काढला होता, तो फुलीसारखा, हातपाय फाकवून उभा. असं कोण उभं राहतं? तो कागद अजून वहीत आहे, फाडायचा नाही असं ठरवलंय.

संध्याकाळी सांगाडा सोडून दिला. एसडीकेचा ड्रायव्हर काढला, दुसरा घातला, प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं अंतराचं चित्र घेतलं आणि सांगितलं: सव्वा ते साडेतीन मीटरच्या मधे जे काही असेल ते सगळं धर. माणूस, साडी, पिशवी, पोर, खराटा, जे असेल ते. कोड दोनशे ओळींवरून चाळीसवर आला. कोडवाल्याला ते जिव्हारी लागलं आहे.

मावशी घरी निघाल्या होत्या, त्यांना परत बोलावलं. कण गोळा व्हायला लागले. आधी साडीचा घेर, मग कंबर, कोपर, शेवटी खराट्याच्या काड्या. अंबाड्याच्या जागी भोक राहिलं, ते उद्या बघू. मावशी हलल्या नाहीत. आम्हा चौघांपैकी कुणीच एवढा वेळ स्थिर उभं राहिलेलं नव्हतं.

मग त्या दोन पावलं पुढे आल्या आणि सगळी रांगोळी ढासळून पडद्याच्या तळाशी गेली. तिथे पोचलेले कण पुसून टाकायचे असं कोडमध्येच लिहिलेलं आहे, नाहीतर लॅपटॉप अडकतो. मावशींनी वाकून रिकामा तळ बघितला.

"झाडली कुणी?"

कोडवाल्याने माझ्याकडे पाहिलं. आता तो ती ओळ काढून बघतोय. दिवसभरात येऊन गेलेल्या सगळ्यांची रांगोळी खाली साठू दिली तर संध्याकाळपर्यंत ढीग कुठवर येईल, याचा हिशोब चाललाय. सहा हजार कणांनाच पंखा घरघरायला लागला आहे. उद्या मांडववाल्याला फोन, आणि कुणाकडे बरा लॅपटॉप आहे का ते विचारायचं.