त्या गाठी नाहीत

“डॉक्टर, त्या गाठी ऑपरेशन करून काढता येतील का हो?” सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करत आज एका 15 वर्षांच्या मुलीच्या आईने विचारलं.

‘गाठी’ हा शब्द दिवसभर डोक्यातून जाईना.

पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) अंडाशयात दिसतात त्या गाठी नसतातच. ती 2 ते 9 मिलिमीटरची, अर्ध्यावर वाढ थांबलेली फॉलिकल्स, म्हणजे बीज वाढवणाऱ्या इवल्या पिशव्या असतात. का थांबतात? मेंदूतून जीएनआरएच या हार्मोनचे ठोके भरभर पडतात, म्हणून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून अंडाशयाला चालना देणाऱ्या दोन हार्मोनपैकी एलएच जास्त आणि एफएसएच त्या मानाने कमी सुटतं. एलएचमुळे अंडाशयातल्या थीका पेशी (फॉलिकलभोवतीच्या पेशी) जादा अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स बनवतात, आणि फॉलिकल पक्व करायला एफएसएच पुरत नाही. बीज बाहेर पडत नाही, पाळी लांबते.

त्यात इन्सुलिन. स्नायू त्याला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. अंडाशय मात्र दाद देतच राहतं, अँड्रोजेन अजून वाढतं. टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन यकृतात कमी बनतं आणि रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी हनुवटीवर केस, ते यामुळेच. सडपातळ मुलींतही हे घडतं, बरं का.

किशोरवयीन मुलींत पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी नको, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इथे सोनोग्राफी झाली होती. पाळीच्या तारखांची नोंद, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्या, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतरची रक्तातली साखर, यातलं काहीच नव्हतं.

रिपोर्ट समजावताना ‘गाठी’ऐवजी तुम्ही कोणता शब्द वापरता?