आमची वाटचाल : नकाशा त्यांचा, मॉड्यूल आमचं

नकाशावर कुणी क्लिक केलं की मागे सर्व्हरवर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट चालते आणि उत्तर परत नकाशावर उमटतं. जिओप्रोसेसिंग सर्व्हिस. एवढाच आमचा धंदा. नुसता नकाशा काय, डब्ल्यूएमएस (नकाशाची चित्रं पुरवणारी सर्व्हिस) लावून कुणीही दाखवतो. आमचं पोट चाललं ते स्क्रिप्टच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या स्वतःच्या मॉड्यूलवर, म्हणजे स्क्रिप्ट जो कोड आत घेऊन वापरते त्यावर.

ते मॉड्यूल पाण्याच्या जाळ्यासाठी आहे. पाइप फुटला की कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे ते शोधतं. फुटलेल्या जागेपासून सगळ्या दिशांनी निघायचं आणि व्हॉल्व्ह लागला की थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण जो व्हॉल्व्ह गंजून बसलाय तो धरून चालत नाही, त्याच्या पुढचा शोधावा लागतो. मोठ्या जाळ्यावर नुसतं पायथॉन रेंगाळायचं, म्हणून माझ्या भागीदाराने ही शोधयात्रा सी भाषेत लिहिली आणि तिची पीवायडी फाइल (विंडोजवर पायथॉनला थेट वापरता येणारा तयार यंत्रकोड) करून मॉड्यूलला जोडली. तो फार कमी बोलतो. त्याच्या कामाच्या फोल्डरचं नावच ‘हात_लावू_नये’ असं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आमचे पहिले ग्राहक पाणीपुरवठ्यातले एक अभियंता. आम्ही त्यांना साहेबच म्हणतो. त्यांच्याकडे व्हॉल्व्हची एक वही होती. कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, कुठला उलटा फिरतो, कुठल्याच्या झाकणावर डांबर चढलंय, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. मॉड्यूलने दिलेली यादी ते वहीशी ताडून बघायचे आणि फरक निघाला की फोन करायचे, “तुमचं गणित बरोबर असेल हो, पण तो व्हॉल्व्ह फिरत नाही.” आमचं मॉड्यूल जेवढं शहाणं झालं, त्यातलं निम्मं श्रेय त्या वहीचं.

आमच्या सर्व्हिस आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर चालतात. २०१२ मध्ये आर्कजीआयएस सर्व्हरची १०.१ आवृत्ती आली आणि सर्व्हर फक्त ६४ बिटचा झाला. डेस्कटॉपवरचं आर्कमॅप मात्र ३२ बिटचंच राहिलं. एकाची पीवायडी दुसऱ्यात चालत नाही, म्हणून आम्ही लगेच तिच्या दोन प्रती बांधायला घेतल्या, एक डेस्कटॉपसाठी, एक सर्व्हरसाठी. कुठली कुठे टाकायची ते सूचनापत्राच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. आजही ते पान जपून ठेवलंय.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग साहेबांच्या वरिष्ठांनी सगळी प्रणाली एका मोठ्या कंपनीकडे सोपवली. नाव घेत नाही. एकाच छताखाली सगळं मिळतं, असा त्यांचा सूर होता. आमचं देखभालीचं कंत्राट नूतनीकरणाविना संपलं. तेही आम्ही पचवलं. धंद्यात असं होतंच. पण काही महिन्यांत त्या कंपनीच्या नकाशावर व्हॉल्व्हची यादी कोरी येऊ लागली आणि तिने लेखी कळवलं, ‘मॉड्यूल आम्ही नव्याने लिहिलेलं आहे, दोष आधीच्या पुरवठादाराच्या डेटात आहे.’

आधीचे पुरवठादार म्हणजे आम्ही. हे पत्र कुठून कुठे फिरलं कोण जाणे, आमच्या आणखी दोन ग्राहकांनी बिलं अडवली. ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’. चौकशी कसली, कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. भागीदाराने पगार घेणं थांबवलं, मी यंत्रं विकायची भाषा करू लागलो. कार्यालयाची जागा सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं.

वाचवलं ते वहीने. एके ठिकाणी पाइप फुटला, नकाशाने कोरी यादी दिली, साहेबांनी वही उघडून माणसं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं, “वहीत चार व्हॉल्व्ह आहेत आणि डेटातही तेच चार आहेत. मग यादी कोरी का?” साहेबांनी हट्टाने दोन्ही पक्षांना सर्व्हरसमोर बसवलं.

सर्व्हिसचा शेरा ‘सक्सीडेड’. हिरवी खूण. यादी रिकामी. भागीदाराने आधी स्क्रिप्ट उघडली. मॉड्यूल आत घेणाऱ्या आमच्या इम्पोर्टच्या ओळीभोवती त्या कंपनीने ट्राय-एक्सेप्ट (चूक पकडण्याची तजवीज) घातलं होतं आणि एक्सेप्टमध्ये नुसतं ‘पास’, म्हणजे चूक आली तरी गुपचूप पुढे जा. ते काढून चालवल्याबरोबर खरी चूक बाहेर आली : डीएलएल लोड फेल्ड, म्हणजे पीवायडी लोडच होत नव्हती. सर्व्हरच्या ६४ बिट पायथॉनमध्ये ३२ बिटची पीवायडी. साहेबांच्या डेस्कटॉपवरून उचललेली. आर्कमॅपमधून सर्व्हिस प्रकाशित करायची तर टूल आधी डेस्कटॉपवर एकदा यशस्वी चालवावं लागतं, आणि तिथे ते छान चालतच होतं. प्रात्यक्षिकात टाळ्या पडल्या असणार.

‘नव्याने लिहिलेलं’ मॉड्यूल सर्व्हरच्या साइट-पॅकेजेसमध्ये (पायथॉनमध्ये इन्स्टॉल केलेली मॉड्यूलं जिथे राहतात तिथे) वेगळ्या नावाच्या फोल्डरात होतं. मूळ पायथॉन फाइली काढून टाकलेल्या, फक्त पीवायसी, म्हणजे त्यांच्या संकलित प्रती, ठेवलेल्या. पायथॉन २.७ तेवढ्यावरही चालतं. पण पीवायसीत ती जिथे संकलित झाली तिथला मूळ पत्ता साठवलेला असतो आणि नुसतं फोल्डरचं नाव बदलून तो पुसला जात नाही. भागीदाराने ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. कचऱ्यासारख्या अक्षरांच्या गर्दीत स्वच्छ दिसत होतं : ‘हात_लावू_नये’. तो काही बोलला नाही, फक्त स्क्रीन साहेबांकडे वळवली.

कंत्राट परत मिळालं. माफी मात्र कुणी मागितली नाही. अडवलेली बिलं सुटली तीही हप्त्याहप्त्याने. ती कंपनी अजून जोरात आहे आणि त्यांच्या कामांच्या यादीत व्हॉल्व्हचा तो नकाशा अजून झळकतो. कोर्टात जा, असं बरेच जण म्हणाले. कोर्टात जायला वेळ आणि पैसा लागतो, आणि त्या वर्षी आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक सर्व्हिसबरोबर एक छोटं टास्क जातं. ते फक्त एवढंच सांगतं : कुठलं पायथॉन चालतंय, किती बिटचं, मॉड्यूल कुठल्या फाइलीतून उचललं आणि त्याची आवृत्ती कुठली. नव्या मुलांना सांगतो, आणि तुम्हालाही सांगतो, इम्पोर्टची चूक कधी गिळू नका, सर्व्हिस पडली तर पडू दे. प्रकाशित करताना स्क्रिप्टशेजारचं मॉड्यूल पॅकेजमध्ये जातं, पण पायथॉनमध्ये इन्स्टॉल केलेलं जात नाही, ते सर्व्हरवर हाताने टाकावं लागतं. मॉड्यूल बदललं की सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनंच मॉड्यूल स्मृतीत धरून बसते आणि तुम्ही दिवसभर नव्या कोडमध्ये चूक शोधत राहता. आणि झेड ड्राइव्हचे पत्ते लिहू नका. तो ड्राइव्ह तुमच्या लॉगिनला दिसतो, सर्व्हरच्या खात्याला नाही.

साहेब निवृत्त झाले. वही त्यांनी आमच्याकडे दिली.

सध्या हातात स्थलांतराचीच कामं जास्त आहेत. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि २०२२ च्या ११.० सर्व्हरवर आर्कमॅपमधून प्रकाशित केलेल्या सर्व्हिस चालत नाहीत. म्हणजे सगळं पायथॉन ३ वर आणणं आलं. तिथे मूळ कॉन्डा पर्यावरणाला (पायथॉन आणि त्याच्या पॅकेजेसचा तयार संच) हात न लावता त्याची प्रत काढून तीत मॉड्यूल बसवतो. भागीदाराने पीवायडी पुन्हा बांधली, या वेळी एकच, कारण आर्कमॅपच्या जागी आलेलं आर्कजीआयएस प्रो ६४ बिटचंच आहे.

कुणाला जुन्या सर्व्हिस हलवायच्या असतील तर एसडी फाइल (सर्व्हिस प्रकाशित करायचं पॅकेज) नंतर पाठवा. आधी सर्व्हरवरच्या साइट-पॅकेजेसची यादी पाठवा. अंदाजपत्रक त्यावरून ठरतं.