फॅसिस्ट नेमकं कोणाला म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असाच असतो: अमुक सरकार, अमुक पक्ष फॅसिस्ट आहे असं म्हणतात, ते बरोबर आहे का? विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. मी आधी उलट विचारतो, की झालं काय ते सांगा. हुकूम कोणी काढला, मारलं कोणी, पोलीस तेव्हा कुठे होते, कोर्टात दाद लागली का? एवढं सांगता येत नसेल तर तो शब्द उच्चारू नये, असं माझं ठाम मत आहे. पार्किंगचा दंड लावणारा सोसायटीचा सेक्रेटरी आणि फेरीवाले उठवणारा वॉर्ड ऑफिसर यांनाही आपल्याकडे फॅसिस्ट म्हणून मोकळे होतात. ती अरेरावी असेल, मनमानी असेल. फॅसिझमनं सत्ता कशी घेतली याची तारीखवार नोंद इटलीत आहे, ती आधी बघू.

मुसोलिनीनं २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये फॅसिस्ट संघटना काढली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही. जोर आला तो १९२०च्या अखेरीपासून, पो नदीच्या खोऱ्यात. तिथे शेतमजुरांच्या समाजवादी संघटना बळकट होत्या आणि मजुरीचा दर त्या ठरवून घेत. जमीनदारांनी फॅसिस्टांच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्यांना पैसा पुरवला. टोळी ट्रकमधून गावात यायची, मजुरांचं कार्यालय आणि सहकारी दुकान जाळायची, कार्यकर्त्याला दंडुक्यानं बडवायची आणि बळजबरीनं एरंडेल पाजायची. गावादेखत त्याची अब्रू जावी, पुन्हा मान वर करायची हिंमत होऊ नये, हा त्यातला हेतू. पोलीस आणि लष्करी अधिकारी पुष्कळ ठिकाणी बघत राहिले, काही ठिकाणी त्यांनी वाहनं आणि हत्यारंही पुरवली. गुंडगिरी सगळीकडे असते. पक्षाची स्वतःची फौज आणि तिच्याकडे यंत्रणेची ठरवून डोळेझाक, हे दोन्ही एकत्र आलं की मामला वेगळा होतो.

नंतर जुन्या, प्रतिष्ठित पुढाऱ्यांनी दार उघडलं. १९२१च्या निवडणुकीत पंतप्रधान जोलित्तीनं फॅसिस्टांना आपल्या आघाडीच्या यादीत घेतलं आणि त्यांचे ३५ खासदार झाले. ऑक्टोबर १९२२मध्ये टोळ्या रोमकडे निघाल्या तेव्हा पंतप्रधान फाक्तानं लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला होता. राजानं सही केली नाही. मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या गाडीनं रोमला आला आणि रीतसर पंतप्रधान झाला. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात फॅसिस्ट मूठभरच होते.

पुढची चार वर्षं महत्त्वाची. १९२३मध्ये त्याच टोळ्यांची सरकारी खर्चानं चालणारी मिलिशिया, म्हणजे निमलष्करी फौज झाली. ३० मे १९२४ला समाजवादी खासदार मात्तेओत्तीनं निवडणुकीतल्या दहशतीचा पाढा संसदेत वाचला. १० जूनला फॅसिस्टांनी त्याला पळवून नेऊन ठार मारलं. ३ जानेवारी १९२५ला मुसोलिनीनं जे काही घडलं त्याची जबाबदारी संसदेत उघडपणे आपल्या अंगावर घेतली, आणि कोणी त्याचं काही करू शकलं नाही. १९२६मध्ये संपावर बंदी आली, विरोधी पक्ष बेकायदा ठरले, आणि निवडून आलेले महापौर जाऊन सरकारनं नेमलेले अधिकारी बसले. १९२९चं मतदान तर बघण्यासारखं होतं. चारशे नावांची एकच यादी, उत्तर हो किंवा नाही. मतदाराला दोन चिठ्ठ्या मिळत: ‘हो’च्या चिठ्ठीवर राष्ट्रध्वजाचे तीन रंग, ‘नाही’ची पांढरी. ९८ टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ पडली.

ज्यूविरोधी कायदे इटलीत आले १९३८मध्ये, म्हणजे सत्ता घेतल्याला सोळा वर्षं झाल्यावर. म्हणून ‘छळछावण्या कुठे आहेत?’ असं विचारून प्रश्न उडवून लावणाराही चुकतो. शेवटची पायरी दिसेपर्यंत थांबलं, तर बोलायला जागाच राहत नाही.

शब्द चुकीच्या माणसावर मारला की काय होतं, हे जर्मनीत दिसलं. १९२८पासून कम्युनिस्ट इंटरनॅशनलनं, म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या कम्युनिस्ट पक्षांच्या जागतिक संघटनेनं, मवाळ समाजवादी अशा सोशल डेमोक्रॅट पक्षाला ‘सोशल फॅसिस्ट’ ठरवलं. शेजारच्या पक्षाशी भांडण हेच जर्मन कम्युनिस्टांचं मुख्य काम झालं. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मतं होती. सोशल डेमोक्रॅट २०.४ आणि कम्युनिस्ट १६.९. ते एकत्र आले असते तर हिटलर नक्की अडला असता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण १९३५मध्ये इंटरनॅशनलनंच ती भूमिका सोडली, आणि तोवर जर्मनीत दोन्ही पक्षांवर बंदी येऊन त्यांची माणसं तुरुंगात, छावण्यांत किंवा परदेशात होती.

आपल्या मुंबईतही हा घोळ झालेला आहे. ८ ऑगस्ट १९४२ला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. स्वतंत्र भारत नाझीवाद, फॅसिझम आणि साम्राज्यशाही यांच्याविरुद्ध आपली सगळी ताकद लावेल, असं त्या ठरावातच लिहिलं होतं. तरीही दुसऱ्या महायुद्धाला फॅसिझमविरुद्धचं ‘लोकयुद्ध’ मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षानं आंदोलनाला विरोध केला. पक्षाच्या मुंबईतून निघणाऱ्या पत्रात सुभाषबाबूंना जपानच्या हातातलं बाहुलं म्हणून रंगवलं गेलं. जपानशी हातमिळवणीवर टीका करण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ती नेमक्या शब्दांत करता आली असती.

आणीबाणीत तर दोन्ही बाजूंनी हाच शब्द फेकला. विरोधक इंदिरा गांधींच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणत आणि त्या जयप्रकाशांच्या आंदोलनाला. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात लाखाहून जास्त माणसं स्थानबद्ध किंवा अटकेत होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, सक्तीची नसबंदी झाली. ती हुकूमशाही होती, यात मला शंका नाही. पण पक्षाची गणवेशातली फौज नव्हती, विरोधी पक्ष कायमचे मोडीत काढले नव्हते, आणि निवडणूक हरल्यावर सत्ता सोडली गेली. फॅसिझम म्हटलं नाही म्हणून तुरुंगात गेलेल्यांचं दुःख कमी होत नाही. पोर्तुगालच्या सालाझारचंही असंच: कडवा हुकूमशहा, पण १९३४मध्ये त्यानं स्वतःच निळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांवर बंदी घातली. त्याला रस्त्यावर उतरलेला जमाव नको होता, मुकाट घरी बसलेली माणसं हवी होती.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. तुंबलेल्या गटारासाठी जाब विचारायला नगरसेवक नव्हता. हे लोकशाहीचं मोठं नुकसान आहे आणि त्यावर संतापायलाच हवं. पण इटलीत निवडून येणारं महापौरपदच कायद्यानं रद्द झालं होतं. इथे ओबीसी आरक्षण आणि प्रभागांची संख्या यांवरच्या खटल्यांत निवडणूक अडकली होती. ‘निवडणूक लांबवली, उत्तर द्या’ असं म्हटलं की समोरच्याला तारखा द्याव्या लागतात. ‘फॅसिस्ट’ म्हटलं की तो हसून निघून जातो.

तेव्हा सेन्सॉरला सेन्सॉर म्हणा, झुंडशाहीला झुंडशाही, विनाचौकशी कैदेला विनाचौकशी कैद. ही सुटी प्रकरणं जोडली जात आहेत का, यावर मात्र नजर हवी. मारणारी टोळी आणि सत्तेतला पक्ष यांचं नातं काय? गुन्हा नोंदवला जातो, की मार खाणाऱ्यावरच केस होते? हरलेला पक्ष खुर्ची सोडतो का? आणि निवडणुकीचे नियम बदलणारं विधेयक आलं, तर ते कोण पास करतं आहे तेही बघा. २५ टक्के मतं मिळवून पहिल्या आलेल्या यादीला दोन तृतीयांश जागा देणारा इटलीतला कायदा १९२३मध्ये संमत झाला, तेव्हा ५३५च्या सभागृहात फॅसिस्ट पस्तीसच्या आसपासच होते. बाकीची बरीचशी मतं स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनी दिली.